काच वर जाईना

ताम्हिणी घाटातून कोकणात उतरताना मागच्या सीटवरून आई म्हणाली, "जरा वारं येऊ दे," आणि तिने काच अर्ध्यावर घेतली. जूनचा दुसरा आठवडा. वारं मागितलं की सोबत पाऊसही येणार, हे ठरलेलंच. निजामपूर यायच्या आत तो आला, आणि काच वर जाईना. आईने बटण ओढलं, मी माझ्या दारावरच्या बटणाने प्रयत्न केला, शेवटी बटणाला एक चापटही मारून झाली. काच ढिम्म. मग पदर, मग टॉवेल, मग तांदळाची रिकामी पिशवी अशा चढत्या क्रमाने आईने पावसाला तोंड दिलं. माणगावात एका गॅरेजवाल्याने दोनदा बटण दाबून कान दिला आणि म्हणाला, "मोटर गेली. चार हजार होतील." त्याच्याकडे त्या वेळी मोटर नव्हती, म्हणून माझे चार हजार वाचले.

खिडकीला खताची पिशवी चिकटवून चार दिवस काढले आणि पुण्याला परतल्यावर आमच्या नेहमीच्या वायरमनकडे गेलो. पाटीवर ऑटो इलेक्ट्रिशियन लिहिलेलं असलं तरी आमच्याकडे त्याला वायरमनच म्हणतात. त्याने इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवली, छतातला दिवा लावला, मला मागच्या सीटवर बसवून बटण ओढायला सांगितलं, आणि स्वतः काचेकडे ढुंकूनही न बघता छताकडे बघत राहिला.

"परत ओढा, साहेब." ओढलं. "दिवा मंद होतोय?" होत नव्हता. "मग करंटच जात नाहीये. जिला करंट मिळालाच नाही ती मोटर गेली, असं कशावरून म्हणायचं?"

मग त्याने मागचं दार सताड उघडलं. "बटण सोडू नका," म्हणत दार सावकाश मिटत आणलं. अर्ध्याच्या जरा पुढे, एका ठरावीक कोनात, काच सर्रकन वर गेली. दार आणखी दोन बोटं लोटलं, पुन्हा मुकाट. त्याने अजून एकही स्क्रू काढला नव्हता आणि दोष कुठे आहे ते आम्हा दोघांनाही कळलं होतं.

हे त्याचं कौशल्य होतंच, पण त्यात गूढ काही नाही. पॉवर विंडो बंद पडली की आपण, आणि घाईतले मेकॅनिकही, दाराचं पॅड काढायच्या मागे लागतो. पॅड काढताना प्लास्टिकच्या क्लिपा तुटतात, दार पुढे आयुष्यभर खुळखुळत राहतं, आणि दोष भलतीकडेच निघतो. खरं तर निम्म्याहून अधिक निदान दाराला हात न लावता, बटण दाबून, ऐकून आणि बघून होतं. त्यासाठी दाराच्या आत काय चाललेलं असतं, एवढं मात्र माहीत हवं.

आधी एक छोटा हिशेब. एक चौरस मीटरची, एक मिलिमीटर जाडीची काच अडीच किलो भरते. पुढच्या दाराची काच साधारण ०.४ चौरस मीटर आणि साडेतीन मिलिमीटर जाड धरली, तर तिचं वजन साडेतीन किलो होतं. एवढं वजन ४५ सेंटिमीटर वर न्यायला, तेही चार सेकंदांत, किती शक्ती लागावी? जेमतेम चार वॅट. मोबाइलचा जुना, साधा चार्जरही एवढं देतो. प्रत्यक्षात काच चढवताना मोटर १२ व्होल्टवर पाचएक अँपिअर ओढते, म्हणजे ६० वॅट. मग बाकीचे ५६ वॅट जातात कुठे?

काही मोटरमध्ये आणि तिच्या गिअरमध्ये जातात. मोटरच्या दांड्यावर स्क्रूसारखे आटे कापलेले असतात आणि ते एका दातेरी चाकात गुंतलेले असतात. दांडा कित्येक फेरे फिरतो तेव्हा चाक एकदा फिरतं. ही रचना खूप शक्ती वाया घालवते, पण तिचा एक मोठा गुण आहे: आटे चाकाला फिरवतात, चाक आट्यांना फिरवू शकत नाही. म्हणून बाहेरून कोणी तळव्यांनी काच खाली दाबली तरी ती उतरत नाही. काचेला वेगळं कुलूप नसतं, ही गिअरची जोडीच तिचं कुलूप. जर तुमच्या गाडीची काच हाताने ढकलल्यावर खाली सरकत असेल, किंवा एक दिवस अचानक धप्पकन दारात पडली असेल, तर मोटर निर्दोष आहे हे तेव्हाच समजावं. तुटलंय ते मोटर आणि काच यांच्यामधलं काहीतरी.

उरलेली शक्ती रबर खातं. काच दोन्ही बाजूंनी रबराच्या खाचेतून वर-खाली होते. गॅरेजमध्ये त्याला काचेचं चॅनल म्हणतात. पाणी आणि वारा रोखायचा म्हणून ते काचेला घट्ट धरून असतं, आणि मोटरची झटापट साडेतीन किलोच्या काचेपेक्षा या रबराशी अधिक चाललेली असते. नव्या गाडीत रबर मऊ आणि गुळगुळीत असतं. आठ-दहा उन्हाळे खाल्ले, विदर्भातले असतील तर पाच-सहाच, की ते कडक होतं, खाचेत धूळ बसते, आणि काच वर जाताना कण्हायला लागते. "मोटर वीक झाली," असं यावर सर्रास सांगितलं जातं. मोटर असते तेवढीच असते, तिचं ओझं वाढलेलं असतं.

मोटर आणि काच यांच्या मधल्या सांगाड्याला गॅरेजमध्ये काचेचं मशीन म्हणतात, दुकानाच्या बिलावर रेग्युलेटर. जुन्या गाड्यांत ते कात्रीसारखं उघडमीट करणारं लोखंडी असायचं. आता बहुतेक ठिकाणी एका चकरीवर गुंडाळलेली पोलादी केबल आणि तिला बांधलेला प्लास्टिकचा सरकता तुकडा. कात्री सहसा झिजते, केबल तुटते. केबल सुटायला लागली की आधी काही दिवस कडकड आवाज येतो. तो येत असतानाही काच वर-खाली करत राहिलो, तर एक दिवस केबल चकरीवर जाळं करून बसते आणि मग दुरुस्तीला वावच उरत नाही. या आवाजाला आपण एरवी "चालतंय ना, चालू दे" म्हणतो, तसं इथे म्हणू नये.

हे सगळं फार जुनं तंत्र नाही. १९४० साली अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने आपल्या महागड्या गाडीत बटणावर हलणारी काच दिली, पण ती तेलाच्या दाबावर चालायची. दारादारातून तेलाच्या नळ्या फिरवलेल्या. क्रायस्लरच्या इम्पीरियलमध्ये १९५१ साली थेट विजेच्या मोटरवर चालणाऱ्या काचा आल्या, आणि तीच पद्धत टिकली. आपल्याकडे फियाट आणि मारुती ८००मध्ये हँडल फिरवत वाढलेल्या पिढीला पॉवर विंडो ही कैक वर्षं श्रीमंतीची खूण वाटायची. हँडलचं एक बरं होतं. काच जड चालते की हलकी, ते हाताला रोज कळायचं. बटणाला बोट लावल्यावर ते कळत नाही. त्यामुळे रबर पाच वर्षं कडक होत जातं आणि आपल्याला बातमी मिळते ती ताम्हिणीत, पावसात.

आता वायरमनच्या दिव्याकडे येऊ. बटण दाबलं आणि मोटरला वीज पोचली, तर मोटर पाचसहा अँपिअर ओढते. ती कुठे अडकून जागीच घुम्म झाली असेल तर वीस-पंचवीस अँपिअरही. इंजिन बंद असताना एवढा भार एकदम आला की बॅटरीचा दाब क्षणभर उतरतो आणि छतातला दिवा पापणी लवावी तसा लवतो. दिवा लवला आणि काच हलली नाही, तर वीज पोचते आहे, काहीतरी अडकलंय: रबर, केबल किंवा मोटरचा गिअर. दिवा तसूभरही लवला नाही, तर वीज वाटेतच कुठेतरी थांबली आहे किंवा मोटरमध्ये शिरतच नाही. एका बोटाच्या कामात संशयितांची यादी निम्मी होते. इंजिन चालू ठेवून हा प्रयोग करू नये, कारण अल्टरनेटर तो फरक झाकून टाकतो. नव्या गाड्यांतला एलईडी दिवाही तितका प्रामाणिक नसतो, तिथे कान वापरावा. एकच "टक" असा आवाज येऊन सगळं शांत होत असेल तर त्यालाही अर्थ आहे: एखादा रिले ओढला गेलाय किंवा मोटरने झटका दिलाय, म्हणजे बटणाची आज्ञा निदान पुढे गेली आहे.

दिवा लवत नाही, दाराचा कोन बदलूनही काही होत नाही, पण बटण दाबून ठेवत पॅडवर, मोटर असते त्या जागी, मुठीने ठोकलं की काच हलते. असं झालं तर मात्र मोटरवर खुशाल संशय घ्यावा. आतले कार्बन झिजून आखूड झालेले असतात आणि ठोकल्यावर क्षणभर टेकतात. ही एकच वेळ अशी, जिथे गाडीला मारणं शास्त्रशुद्ध आहे.

काच एकाच बाजूला जात असेल, खाली येते पण वर जात नाही, तर त्यात आनंदाची बातमी दडलेली असते, आणि ती समजायला बटणाच्या पोटात शिरावं लागतं. मोटरला दोनच वायरी. एकीला धन आणि दुसरीला अर्थ दिला की मोटर एका दिशेने फिरते, अदलाबदल केली की उलट. साध्या पॉवर विंडोत, बटणाला कोणी हात लावलेला नसतो तेव्हा या दोन्ही वायरी बटणाच्या आत अर्थला टेकून बसलेल्या असतात. आपण वर ओढलं की पहिली वायर अर्थवरून उठते आणि धनला चिकटते. दुसरी होती तिथेच, अर्थवर. खाली दाबलं की दुसरी उठते, पहिली बसून राहते. सीसॉवरच्या दोन पोरांसारखं.

म्हणजे काच खाली येते याचा अर्थ फ्यूज शाबूत, दोन्ही वायरी शाबूत, मोटर शाबूत. त्याच वायरी, तीच मोटर, फक्त दिशा वेगळी. मग वर का जात नाही? एक तर बटणातला वर नेणारा ठिपका जळलाय, किंवा दुसऱ्या वायरीला अर्थवर बसवणारा ठिपका घाण झालाय. दोन्ही दोष बटणातच. दुसरी शक्यता रबराची, कारण उतरताना काचेला स्वतःचं वजन मदत करतं आणि चढताना तेच आड येतं. या दोहोंत निवाडा करायला पुन्हा छतातला दिवा: लवतोय तर रबर, लवत नाही तर बटण.

बटणाचे ठिपके जळतात त्याचं कारण आपणच असतो. काच वर टेकल्यावरही बटण ओढून धरायची सवय अनेकांना असते. त्या क्षणी मोटर अडलेली, करंट चौपट, आणि बोट उचलताना त्या करंटची ठिणगी ठिपक्यावर पडते. त्यात दमट हवा. मुंबईत किंवा रत्नागिरीत राहणाऱ्या गाडीचं बटण उघडून पाहिलं तर तांब्याच्या पट्टीवर हिरवट पूड दिसते. कल्हई गेलेल्या पितळेच्या पातेल्यात ताक कळकतं, त्यातलाच हा प्रकार. कानस न लावता, बारीक पॉलिश पेपरने हलकेच पुसून आणि कॉन्टॅक्ट क्लीनर मारून तो बऱ्याचदा जातो. ड्रायव्हरच्या दारावरचं बटण सगळ्यांत आधी का जातं, हे वेगळं सांगायला नको. फास्टॅग फेब्रुवारी २०२१पासून सक्तीचा झाला त्याच्या आधी प्रत्येक टोलनाक्यावर तेच एक बटण राबत होतं.

पण या ड्रायव्हरच्या बटणांच्या पट्टीचा एक कावा आहे, आणि त्यात भल्याभल्यांचे पैसे बुडालेत. बऱ्याच गाड्यांत इतर दारांच्या मोटरींचा अर्थ त्यांच्या स्वतःच्या बटणातून थेट गाडीच्या अंगाला जात नाही. तो आधी ड्रायव्हरच्या पट्टीत येतो आणि तिथून पुढे जातो. त्यामुळे मागच्या डाव्या दाराचं बटण चालत नाही म्हणून ते बदललं, मोटर बदलली, तरी काच मुकी. दोष असतो ड्रायव्हरच्या पट्टीतल्या एका कळकलेल्या ठिपक्यात. मागची काच मागच्या बटणाने अडत असेल, तर आधी ड्रायव्हरच्या दारावरचं त्याच काचेचं बटण दहा-बारा वेळा दोन्ही बाजूंना झटपट हलवून पाहावं. ठिपके घासले जाऊन काच चालू झाली, तर गुन्हेगार सापडला. आणि त्याही आधी, मुलांसाठीचं लॉकचं बटण चुकून दाबलं गेलंय का ते बघावं. हसू नका. गॅरेजपर्यंत गाडी नेऊन आलेले लोक मला माहीत आहेत, त्यांत एक मीही आहे.

चारही काचा एकदम गेल्या तर फ्यूज. पात्यासारखे फ्यूज रंगावरून ओळखू येतात: पिवळा २० अँपिअर, पांढरा पारदर्शक २५, हिरवा ३०. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेला आकडाच घालायचा. वीसचा उडतो म्हणून तीसचा घातला, तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर वितळेल. नवा फ्यूज बटण दाबताक्षणी उडत असेल तर एखादी वायर सोललेली आहे, आणि कुठे, तेही बहुतेक ठरलेलं असतं.

ती जागा म्हणजे दार आणि खांब यांच्यामधला रबरी नळा. दार उघडल्यावर बिजागरीजवळ वळ्यावळ्यांची काळी नळी दिसते, ती. दाराला लागणारी सगळी वीज त्यातून जाते: काच, कुलूप, स्पीकर, आरसा. दिवसाला दहा वेळा दार उघडलं-मिटलं तर वर्षाला ३,६५०, दहा वर्षांत छत्तीस हजारांच्या वर. तेवढ्या वेळा त्या वायरी एकाच जागी वाकतात. आपण हाताने तार तोडायची असली की पुढे-मागे वाकवून तोडतो. इथे तेच, फक्त दहा वर्षं लावून.

आमच्या गाडीत हेच झालं होतं. वायरमनने नळा खांबाकडून सोडवला, वायरींचा जुडगा बाहेर ओढला आणि एकेक वायर दोन चिमटींत धरून ताणली. बाकीच्या ताठ राहिल्या. एक जाड हिरवी वायर मात्र चुरमुऱ्याच्या पिशवीच्या रबरबँडसारखी लांबली. बाहेरचं आवरण कुठेही फाटलेलं नव्हतं. आतलं तांबं तुटून दोन टोकं वेगळी झाली होती आणि त्यांच्यामध्ये नुसतं प्लास्टिक ताणलं जात होतं. दार एका कोनात आलं की ती टोकं एकमेकांना शिवायची, काच चढायची. कोन बदलला की पुन्हा अबोला. त्याने तेवढा भाग कापून माझ्या हातावर ठेवला. तुटलेल्या टोकांवर तांब्याचे केस हिरवट-काळे पडले होते.

जोडतानाही त्याने एक गोष्ट केली ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. तुटलेल्या जागी सोल्डर लावून मोकळा झाला नाही. सोल्डर केलेली वायर तिथे काडीसारखी ताठ होते, आणि ताठ भागाच्या कडेला ती महिन्याभरात पुन्हा तुटते. त्याने वाकणाऱ्या भागातला सगळा तुकडा काढून टाकला, बारीक पुष्कळ तारांची लवचीक वायर घातली आणि दोन्ही सांधे नळ्याच्या बाहेर नेले, एक खांबाच्या आत आणि एक दाराच्या आत, जिथे काही हलत नाही. वर काळी चिकटपट्टी न गुंडाळता उष्णतेने आवळणारी स्लीव्ह चढवली. चिकटपट्टीचा डिंक आपल्या उन्हाळ्यात पाघळतो आणि पावसाळ्यात सांध्याला पाणी धरून ठेवतो.

इथे हौशी माणसाला एक धोक्याची सूचना, कारण मीही हौशी आहे आणि या खड्ड्यात पडून आलोय. हातात मल्टिमीटर असला की आपण मोटरच्या कपलरवर, म्हणजे वायरी तिला जिथे जोडलेल्या असतात तिथे, सुया टेकवतो, १२.४ व्होल्ट दिसतात, आणि "वीज येतेय, मोटर गेली" असं जाहीर करतो. मीटर खोटं बोलत नाही, पण पूर्ण खरंही सांगत नाही. डिजिटल मीटरचा आतला रोध साधारण एक कोटी ओहम असतो. तो वायरीतून जवळजवळ काहीच करंट मागत नाही. वायरीच्या वीस केसांपैकी एकोणीस तुटून एकच उरला असला, तरी त्या एकावर मीटरला पूर्ण दाब दिसतो. नळाचंही असंच असतं. तोटी बंद असताना पाइपात दाब भरपूर, तोटी उघडून बादली लावली की करंगळीएवढी धार. अर्ध्या ओहमचा कळकलेला सांधा सहा अँपिअरला तीन व्होल्ट खातो, आणि हा अर्धा ओहम साध्या मीटरवर सुयांच्या स्वतःच्या रोधात हरवून जातो.

म्हणून वायरमन लोक अजूनही बल्ब वापरतात. हेडलाइटचा ५५ वॅटचा जुना बल्ब, ज्याचा एक तंतू अजून जिवंत आहे, त्याला दोन वायरी. तो साडेचार अँपिअर ओढतो, म्हणजे जवळजवळ मोटरइतकेच. कपलर मोटरपासून सोडवून तिथे हा बल्ब लावला आणि बटण दाबल्यावर तो लख्ख पेटला, तर वायरी आणि बटण निर्दोष. मग मोटरकडे बोट दाखवायला हरकत नाही. मंद पिवळा पेटला, तर वाटेत कोणीतरी वीज खातंय. काच वर नेताना आणि खाली आणताना, दोन्ही वेळा बघावं. नव्या, महाग गाड्यांत बटण मोटरला वीज देतच नाही. ते दारातल्या एका छोट्या संगणकाला फक्त निरोप देतं. तिथे बल्ब लावत फिरू नये, स्कॅनरवाल्याकडे जावं. पण त्या गाड्यांतही नळ्यातली वायर वाकतेच, आणि रबर कडक होतंच.

रबराचा इलाज सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित आहे. काच पूर्ण खाली घ्यायची, प्लास्टिकच्या पट्टीला ओलं फडकं गुंडाळायचं आणि दोन्ही बाजूंच्या खाचा वरून खालपर्यंत पुसून काढायच्या. फडकं पहिल्या फेरीत काळं होतं, दुसऱ्या फेरीतही होतं. वाळल्यावर सिलिकॉन स्प्रे. ग्रीस नको, इंजिनचं तेल नको. त्यांनी रबर फुगतं आणि धूळ चिकटून खाचेत लापशी होते. हे करायच्या आधी आणि नंतर काच चढायला लागणारे सेकंद मोजून पाहा. माझ्या पुढच्या काचेला सात लागायचे, ते साडेचारवर आले. चार हजारांच्या मोटरनेही याहून फार वेगळं काही केलं नसतं. लहान मुलांनी काच सतत वर-खाली केल्यावर ती मधेच बंद पडली तर घाबरू नये. मोटर तापली की तिच्यातलाच एक छोटा रक्षक वीज तोडतो. दहा मिनिटांनी ती पुन्हा चालते.

पॅड काढायची वेळ आलीच, तर आत दाराच्या पत्र्यावर चिकटवलेला प्लास्टिकचा कागद दिसेल. तो पॅकिंगचा उरलेला भाग आहे असं समजून अनेक जण टराटरा फाडतात. त्याला जपावं. काचेच्या बाहेरच्या रबराखालून दारात पाणी शिरणारच, ते शिरणार हे गृहीत धरूनच दार बनवलेलं असतं, आणि ते खालच्या भोकांतून निघून जावं अशी सोय असते. हा कागद ते पाणी पॅडकडे, स्पीकरकडे आणि बटणाकडे येऊ देत नाही. तो फाटला की पुढच्या पावसाळ्यात पायाखालचा गालिचा भिजतो आणि आपण छत गळतंय का ते शोधत बसतो. खालची भोकं झाडाखाली लावलेल्या गाडीत पानांच्या चुऱ्याने बुजतात. दार हलवल्यावर आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला, तर भोकात काडी घालावी.

आणखी एक तक्रार हल्ली वरचेवर ऐकू येते: बॅटरी बदलली आणि एका दाबात चढणारी काच आता बोट धरून चढवावी लागते, किंवा चढून परत खाली येते. हा दोष नाही, विसर आहे. हात चिमटू नये म्हणून या काचा वाटेतला अडथळा ओळखून उलट्या फिरतात. अमेरिकेचा ११८ क्रमांकाचा नियम सांगतो की अडथळ्यावरचा दाब १०० न्यूटनच्या, म्हणजे साधारण दहा किलोच्या भाराच्या, पुढे जायच्या आत काच मागे फिरली पाहिजे. त्यासाठी मोटर आपले फेरे मोजत असते आणि माथा कुठे आहे ते तिला पाठ असतं. वीज तुटली की पाठांतर जातं. बहुतेक गाड्यांत काच वर नेऊन बटण काही सेकंद ओढून धरलं की ते परत येतं. नेमकी रीत पुस्तिकेत असते. कडक रबरालाही ही मोटर कधी कधी कोणाचा तरी हात समजते आणि काच परत खाली आणते. तिथे पुन्हा ओलं फडकं.

भर पावसात काच अडलीच तर दोन माणसं लागतात. एकाने बटण ओढून धरायचं, दुसऱ्याने काचेच्या आतून-बाहेरून दोन तळवे घट्ट दाबून वर रेटायची. थकलेल्या मोटरला एवढी मदत पुरते. केबल तुटली असेल तर काच नुसत्या हातानेही वर येते. ती वर धरून चिकटपट्टीने चौकटीला बांधावी आणि त्या बटणाला घरी पोचेपर्यंत हात लावू नये.

काच वर न जाणं हा फजितीचा विषय. ती खाली न येणं कधी कधी जिवावर बेततं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी मुंबईत पाण्यात अडकलेल्या गाड्यांतून बाहेर पडता न आल्याने माणसं गुदमरून गेली. बाहेर पाणी चढलं की त्याच्या दाबाने दार उघडत नाही, आणि वायरिंगमध्ये पाणी शिरलं की काच कधी दगा देईल याचा भरवसा नाही. पाणी शिरताक्षणी बहुधा ती अजून चालते. ती मिनिटं फोन करण्यात घालवू नयेत, आधी काच उतरवावी. उतरली नाही तर फोडावी लागते. पुढची मोठी काच फोडायच्या भानगडीत पडू नये; ती दोन थरांची, मधे प्लास्टिकचा पडदा असलेली असते, तडकते पण सुटत नाही. दाराची काच बहुतेक गाड्यांत टफन्ड असते. मधोमध मारलेल्या गुद्द्याला ती दाद देत नाही, पण कोपऱ्याजवळ टोकदार पोलादाचा एक फटका बसला की तिचे ज्वारीएवढे दाणे होतात. काही नव्या गाड्यांत दाराची काचही लॅमिनेटेड, म्हणजे पुढच्या काचेसारखी दोन थरांची, असते. कोणती आहे ते काचेच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलेलं असतं; आज गाडीत बसाल तेव्हा वाचून ठेवा.

टोकदार हातोडी दोन-तीनशे रुपयांना मिळते. माझी बरीच वर्षं डिकीत होती. आता गिअरच्या शेजारच्या कप्प्यात आहे.